जहाज घेण्याआधी पॅड बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या युवा पुरवणीत कॉम्प्युटर गेमवर अधूनमधून मजकूर येतो. मराठीत असं फार कमी वाचायला मिळतं, म्हणून आम्ही तो आवर्जून वाचतो. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधायचं आहे. अंतराळातल्या खेळांवर लिहिताना जहाजाची किंमत दिली जाते, माल किती मावतो ते दिलं जातं, तोफा मोजून दिल्या जातात. ते जहाज कुठे उतरतं आणि कुठे उतरत नाही, हे कुणी लिहीत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूरकडची बरीच पोरं आता हे खेळ खेळू लागली आहेत. त्यांचा पहिला मोठा तोटा नेमका इथे होतो: महिनाभर साठवलेले क्रेडिट्स, म्हणजे खेळातले पैसे, एका अवाढव्य जहाजात घालायचे आणि दुसऱ्याच दिवशी कळायचं की निम्म्या मिशनच्या ठिकाणी हे जहाज टेकतच नाही.

सर्वांत जास्त गोंधळ 'एलिट डेंजरस'मध्ये होतो, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी १९८४ मध्ये केलेल्या 'एलिट' या खेळाचा हा आजचा अवतार, डिसेंबर २०१४ मध्ये आलेला. यात उतरायचे पॅड तीन आकारांचे: लहान, मध्यम, मोठे. प्रत्येक जहाज यांपैकी एका वर्गात मोडतं. लहान जहाज तिन्ही पॅडवर उतरू शकतं, मध्यम जहाज मध्यम आणि मोठ्या पॅडवर, मोठं जहाज फक्त मोठ्या पॅडवर. कोरिओलिस, ऑर्बिस, ऑसेलस अशा फिरत्या स्टेशनांत तिन्ही पॅड असतात. आउटपोस्ट म्हणजे छोटं, उघडं स्टेशन. तिथे मोठा पॅड नसतोच. पैसे, ओळख, खेळातल्या एखाद्या पक्षाशी म्हणजे गटाशी असलेलं सख्य, यांतलं काहीही असलं तरी ॲनाकोंडासारखं मोठं जहाज आउटपोस्टवर उतरत नाही.

आता वर्ग ठरतो कशावरून? नवा खेळाडू मालाच्या टनांवरून अंदाज बांधतो आणि तिथेच फसतो. टाइप-७ आणि पायथन ही दोन जहाजं शेजारी ठेवून बघा. टाइप-७ ची लांबी साधारण ८२ मीटर, रुंदी ५६ मीटर. पायथनची लांबी साधारण ८८ मीटर, रुंदी ५८ मीटर. म्हणजे जमिनीवर जागा पायथन जास्त खातं. तरीही पायथन मध्यम पॅडवर उतरतं आणि टाइप-७ ला मोठा पॅड लागतो, कारण पायथनची उंची १८ मीटर आहे आणि टाइप-७ ची २५ मीटरच्या वर. उतरल्यावर पॅड जहाजासकट खाली हँगरमध्ये जातो, तेव्हा वरची सात मीटर उंचीसुद्धा मोजावी लागते. दोघांत माल जवळपास सारखाच मावतो, तीनशे टनांच्या आसपास. टाइप-७ बरंच स्वस्त आहे हे खरं, आणि दोन मोठ्या स्टेशनांमध्ये ये-जा करायची तर ते वाईटही नाही. पण स्वस्त मिळालं म्हणून घेणाऱ्याने सगळे आउटपोस्ट त्या दिवशीच सोडून दिलेले असतात, हे त्याला माहीत असायला हवं. इम्पीरियल क्लिपरचंही तसंच. ते मालाच्या हिशेबात मधल्या जहाजांत बसतं, पण बाजूला पसरलेल्या इंजिनांमुळे मोठ्या वर्गात जातं. ऑर्का हे प्रवासी जहाज दिसायला सडपातळ, तरी मोठा पॅडच मागतं.

ऊसतोडीच्या हंगामात कारखाना ट्रक लावतो आणि बैलगाड्याही लावतो, कारण प्रत्येक फडापर्यंत ट्रक जात नाही; इथे मध्यम जहाजाचं काम तेच आहे. म्हणून आमचं स्पष्ट मत असं की एकच जहाज परवडत असेल तर ते मध्यम वर्गातलं घ्यावं. पायथनमध्ये ढाल लावूनही पावणेतीनशे टन माल जातो. २०२४ मध्ये आलेल्या टाइप-८ मध्ये चारशे टनांच्या आसपास मावतो, आणि तेही मध्यम पॅडवर उतरतं. या जहाजाने टाइप-७ ची गरज जवळपास संपवली आहे. ॲनाकोंडाची मूळ किंमत सुमारे १४ कोटी ७० लाख क्रेडिट्स. वर सुटे भाग वेगळे, आणि जहाज फुटलं की सगळ्या किमतीच्या पाच टक्के भरून ते परत घ्यावं लागतं. एवढी रक्कम हाताशी नसताना त्यात बसणं आणि वर आउटपोस्टची मिशनं गमावणं, हा दुहेरी तोटा आहे.

मिशनबद्दल थोडं खोलात जायला हवं, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. माल पोचवायचं मिशन आउटपोस्टचं असेल तर मिशन बोर्ड जहाजाच्या आकाराची अट दाखवतो. पण बोर्ड बघतो ते मिशन घेताना तुम्ही ज्या जहाजात बसलात ते. मध्यम जहाजातून पाच मिशनं घ्यायची, मग एका खेपेत सगळं उरकू म्हणून टाइप-९ या मोठ्या मालवाहू जहाजात बसायचं, माल भरायचा आणि निघायचं, हा प्रकार सर्रास होतो. तिथे गेल्यावर डॉकिंगची, म्हणजे स्टेशनवर उतरायची, विनंती नाकारली जाते. आता जहाज बदलायचं तर जवळच्या अशा स्टेशनवर जायचं जिथे शिपयार्ड आहे. बऱ्याच आउटपोस्टवर आणि काही बंदरांवर शिपयार्ड नसतं. आणि शिपयार्ड मिळालं तरी जहाजात असलेला माल नव्या जहाजात मावत नसेल तर बदल होत नाही. सातशे टन घेऊन तुम्ही पायथनमध्ये बसू शकत नाही. दूर ठेवलेलं जहाज मागवता येतं, पण त्याला अंतराप्रमाणे वेळ लागतो आणि पैसेही.

यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे मालाचा डेपो. २०१८ पासून मिशनचा माल तुकड्या-तुकड्याने उचलता आणि पोचवता येतो. म्हणजे हजार टनांचं मिशन पायथनने चार खेपांत पुरं होतं. म्हणून मिशन घेतल्यावर सगळा माल एकदम उचलण्याची घाई करू नये. आधी ठिकाण उघडावं, पॅड बघावा, मग जहाजाच्या पोटाएवढाच माल उचलावा. एकदा डेपोतून बाहेर काढलेला माल परत ठेवायची सोय नाही.

दुसरी अडचण 'अमुक माल आणून द्या' या मिशनची. जिथे द्यायचा ते स्टेशन मोठं असतं, म्हणून बोर्ड काही बोलत नाही. पण तो माल जिथे मिळतो तो बाजार आउटपोस्टवर असू शकतो. इनारा या संकेतस्थळावर बाजार शोधताना पॅडचा किमान आकार निवडायची सोय आहे. मोठं जहाज असेल तर तिथे 'मोठा' निवडा, आणि ताऱ्यापासूनचं जास्तीत जास्त अंतरही घाला. खेळाच्या आतही सिस्टिमच्या, म्हणजे एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहमालेच्या, नकाशात स्टेशनवर गेलं की कोणते पॅड आहेत ते दिसतं. निघण्याआधी ते वाचायला अर्धं मिनिट लागतं.

मिशनची घड्याळं खऱ्या वेळेने चालतात, खेळ बंद असला तरी. आपल्याकडे वीज कधी जाईल आणि नेट कधी रुसेल याचा भरवसा नाही. त्यामुळे ज्या मिशनला दोन-तीन खेपा लागणार त्यात वेळ भरपूर शिल्लक आहे ना, हे घेतानाच बघावं. मिशन मध्येच सोडलं तर दंड पडतो आणि त्या पक्षाकडची पत घसरते.

प्रवाशांच्या मिशनमध्ये आकाराचा प्रश्न आणखी वेगळा होतो. सहाव्या आकाराच्या साध्या केबिनमध्ये ३२ प्रवासी बसतात, बिझनेसमध्ये १६, फर्स्ट क्लासमध्ये १२. गर्दी वाहायची तर साध्या केबिन लावलेलं पायथन उत्तम. पण जे बडे प्रवासी लक्झरी केबिनच मागतात त्यांच्यासाठी ती केबिन फक्त डॉल्फिन, ऑर्का आणि बेलुगा या तीन जहाजांत बसते. यांतली दोन मोठ्या पॅडची. एकटं डॉल्फिन लहान पॅडवर उतरतं. त्यामुळे आउटपोस्टवर लक्झरी प्रवासी सोडायचा तर डॉल्फिनशिवाय इलाज नाही. किमतीच्या यादीत हे जहाज खाली असतं म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. आमच्या मते प्रवासी व्यवसाय सुरू करायला याच्यासारखं जहाज नाही.

डॉकिंगची पद्धत माहीत असेल तर आकाराची भीती निम्मी कमी होते. स्टेशनपासून साडेसात किलोमीटरच्या आत आल्याशिवाय विनंती करू नये. त्याआधी केली तर अंतराचं कारण देऊन नकार मिळतो. डाव्या पॅनलमध्ये संपर्कांच्या यादीतून विनंती पाठवायची. मंजूर झाली की पॅडचा नंबर आणि दहा मिनिटं मिळतात. जहाजातून छोटं लढाऊ यान बाहेर सोडलेलं असेल तर ते आधी आत घ्यावं लागतं. स्टेशनच्या परिसरात वेग सेकंदाला शंभर मीटरच्या खाली ठेवा. त्यापुढे जाऊन कुणाला धक्का लागला तर प्रकरण दंडावर थांबत नाही. फिरत्या स्टेशनच्या फटीतून आत जाताना हिरवे दिवे उजव्या हाताला असले पाहिजेत. मोठ्या जहाजाने फटीसमोर आधी सरळ रेषेत यावं आणि मगच आत शिरावं. आत शिरता-शिरता दिशा दुरुस्त करायला गेलं की पंख किंवा शेपूट काठाला लागते. इम्पीरियल कटर या मोठ्या जहाजाचं वजन आणि घसरण इतकी आहे की ब्रेक लावल्यावरही ते पुढे सरकत राहतं. ते फटीच्या बरंच आधी हळू करावं लागतं. बाहेर येणारं दुसरं मोठं जहाज दिसलं तर बाजूला थांबा. फट अडवून उभं राहिलं तर स्टेशन आधी ताकीद देतं आणि मग गोळीबार करतं. हात बसेपर्यंत डॉकिंग कॉम्प्युटर लावायला कमीपणा मानू नये. पहिल्या, म्हणजे सर्वांत लहान आकाराच्या खाचेत तो बसतो.

आउटपोस्टवर फट नसते, फिरणंही नसतं, त्यामुळे उतरणं सोपं. तिथली अडचण जागेची आहे. मध्यम पॅड मोजकेच, कित्येकदा एकच. त्यावर कुणी जहाज लावून जेवायला गेला की मागचे सगळे ताटकळतात. अशा वेळी मुख्य मेनूत जाऊन एकट्याने खेळायचा 'सोलो' मोड निवडावा. मिशन, माल, जहाज सगळं तेच राहतं आणि इतर खेळाडूंची गर्दी नसल्याने पॅड मोकळा मिळतो.

हटन ऑर्बिटल या आउटपोस्टबद्दल नव्या खेळाडूंना सावध करणं भाग आहे. ते अल्फा सेंटॉरीमध्ये आहे, पण मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्ष, म्हणजे ६७ लाख प्रकाश-सेकंदांहून लांब. साध्या सुपरक्रूझने, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या वेगवान उड्डाणाने, तिथे पोचायला तास-दीड तास लागतो. तिथे फुकट ॲनाकोंडा मिळतं, असं जुने खेळाडू नव्यांना सांगत आले आहेत. ज्याला पॅडचे नियम माहीत आहेत तो लगेच ओळखतो की हे अशक्य आहे, कारण ॲनाकोंडा उभं राहील एवढा पॅडच तिथे नाही. ज्याला माहीत नाहीत तो दीड तास सरळ रेषेत उडत राहतो.

फ्लीट कॅरियर, म्हणजे खेळाडूला विकत घेता येणारे अवाढव्य फिरते तळ, जून २०२० मध्ये आले. ५ अब्ज क्रेडिट्स किंमत, एका उडीत ५०० प्रकाशवर्षं, २५ हजार टनांची जागा, आणि १६ पॅड: आठ मोठे, चार मध्यम, चार लहान. मित्रांपैकी कुणाकडे कॅरियर असेल तर तो आउटपोस्टच्या शेजारी आणून उभा करायचा. बाजारातून घेतलेला माल मोठ्या जहाजाने कॅरियरवर टाकायचा आणि तिथून मध्यम जहाजाने आउटपोस्टवर नेऊन विकायचा. दोन-चार जण मिळून खेळणाऱ्यांना हे सहज जमतं.

फेब्रुवारी २०२५ पासून खेळाडूंना स्वतःच्या वस्त्या उभारता येतात, आणि आता कोणता पॅड असावा हे खेळाडूच ठरवतो. सिस्टिमवर दावा सांगायला अडीच कोटी क्रेडिट्स लागतात आणि पहिलं बंदर चार आठवड्यांत पुरं करावं लागतं. पहिलं बंदर म्हणून आउटपोस्ट निवडला तर साधारण २० हजार टन माल ओतावा लागतो. कोरिओलिसला त्याच्या दुपटीहून जास्त. हिशेब करून बघा. २० हजार टन म्हणजे साडेसातशे टन नेणाऱ्या टाइप-९ च्या २७ खेपा, टाइप-८ च्या ५०, पायथनच्या ७३. एकट्याने खेळणारा साहजिकच आउटपोस्ट निवडतो, आणि नंतर स्वतःच्याच सिस्टिममध्ये त्याचं टाइप-९ उतरत नाही. जोडीला दोन-तीन जण असतील आणि रोज थोडा-थोडा वेळ मिळणार असेल, तर पहिल्यांदाच कोरिओलिस घ्यावं. एकट्याने करायचं तर आउटपोस्ट घ्या, पण मोठा पॅड असलेलं जमिनीवरचं बंदर कोणत्या ग्रहावर बांधायचं ते आधी ठरवून ठेवा.

ग्रहावर उतरतानाही आकार आडवा येतो. २०२१ मध्ये आलेल्या ओडिसी या विस्तारापासून पायी उतरून करायची मिशनं आहेत आणि त्या वस्त्यांमध्ये मोठा पॅड असेलच असं नाही. तिथे बाहेर सपाट जागा शोधून उतरायचं आणि चालत जायचं. खडकाळ उतारावर ॲनाकोंडाएवढ्या, दीडशे मीटर लांबीच्या जहाजाला सपाट जागा सापडता सापडत नाही. लहान जहाज कुठेही बसतं.

दुसऱ्या खेळांत हीच मर्यादा वेगळ्या रूपात येते. २००३ पासून चालू असलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये मिशनच्या तोंडाशी वेग देणारी फाटकं असतात आणि ती जहाजाचा वर्ग बघून आत सोडतात. तिसऱ्या पातळीच्या मिशनच्या फाटकातून बॅटलशिप जात नाही. त्यासाठी त्याहून लहान बॅटलक्रूझर लागतं. २०१६ पर्यंत टायटनसारखी सर्वांत मोठी जहाजं कोणत्याच स्टेशनात उतरू शकत नव्हती. आता ती खेळाडूंनी बांधलेल्या तळांपैकी सर्वांत मोठ्या कीपस्टारमध्ये उतरतात, त्याखालची मोठी जहाजं मधल्या फोर्टिझारमध्ये, आणि लहान ॲस्ट्राहसमध्ये दोन्ही नाहीत.

तिथल्या वर्महोलला, म्हणजे दोन सिस्टिम जोडणाऱ्या भोकाला, तर आकाराऐवजी वजनाची मर्यादा आहे, आणि ती दुहेरी आहे: एका उडीत किती वजन जाईल आणि ते भोक कोसळेपर्यंत एकूण किती जाईल. निम्मं वजन गेल्यावर ते आकसलेलं दिसतं, दहा टक्क्यांच्या खाली आलं की कोसळायच्या बेतात येतं. बॅटलशिपवरचा ५०० मेगान्यूटनचा मायक्रोवॉर्पड्राइव्ह (वेग वाढवणारं यंत्र) चालू असेल तर जहाजाच्या वजनात ५ कोटी किलोची भर पडते. जाताना तो बंद आणि येताना चालू, असा हिशेब करून जाणकार लोक वर्महोल मुद्दाम बंद करतात. हा हिशेब चुकला की शेवटचं जहाज पलीकडे अडकतं. एकूण मर्यादाही दहा टक्के इकडेतिकडे होते, म्हणून शेवटची फेरी कधीही काठावर आणून ठेवू नये.

आकाराची बंधनं काढून टाका, अशी मागणी खेळाडूंमध्ये वारंवार होते. आमचा तिला विरोध आहे. आउटपोस्टवर मोठे पॅड दिले तर दुसऱ्या दिवसापासून पायथन, टाइप-८, डॉल्फिन कुणी उडवणार नाही. सगळे एकाच जहाजात दिसतील आणि जहाज निवडणं हा भाग खेळातून जाईल. शिवाय हे बंधन मनाचं काढलेलं नाही. खऱ्या अंतराळ स्थानकावरही तेच आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या डॉकिंगच्या दारातून जायची वाट साधारण ८०० मिलिमीटरची. बर्थिंगचं, म्हणजे यांत्रिक हाताने यान धरून जोडायचं, दार सव्वा मीटरहून थोडं जास्त. उपकरणांची मोठी कपाटं डॉकिंगच्या दारातून जात नाहीत, ती बर्थिंगनेच आत न्यावी लागतात. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोने स्पेडेक्स या प्रयोगात प्रत्येकी सुमारे २२० किलोची दोन यानं जोडली, तेव्हा आपल्याकडच्या शाळांतही डॉकिंगची चर्चा झाली. त्या वयाच्या मुलांना हे खेळ नीट समजावून दिले तर ती चर्चा पुढे जाईल, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणखी एक सूचना, पैसे वाचवणारी. 'एलिट डेंजरस'ची प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सची जुनी डिस्क स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. २०२२ मध्ये या कन्सोलांची आवृत्ती पीसीपासून तुटून खेळातल्या जुन्या आकाशगंगेत वेगळी राहिली. टाइप-८, नव्या वस्त्या, ओडिसीची पायी मिशनं यांतलं काहीही तिथे नाही. खेळ पीसीवरच घ्यावा, आणि तोही सेल लागल्यावर.

आपल्याला विनंती एवढीच, की पुरवणीत यापुढे अशा जहाजांची माहिती छापताना प्रत्येकापुढे पॅडचा आकार, ढाल लावल्यावर मावणारा माल आणि माल भरलेला असताना एका उडीत कापलं जाणारं अंतर, या तीन गोष्टी जरूर द्याव्यात. जागा कमी पडली तर तोफांची यादी गाळली तरी चालेल.

आपले,
अंतराळातले खेळ खेळणारे काही वाचक
छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड